जमिनीचे दोन हात

“जमिनीला दोन हात असतात. एकच धरून चालवाल तर ती वाकडी चालते.”

कृष्णात सुभेदारांचं हे बोलणं दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या गल्लीत इतकं फिरलं होतं, की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही ते पाठ झालं होतं. एकदा मराठीत म्हणायचं आणि लगेच हिंदीत. कारण समोर उकिडवी बसलेली पोरं कुणी पंजाबातली, कुणी ओडिशातली, कुणी केरळातली. बापाची बदली जिथून झाली तिथली. “जमीन के दो हाथ होते हैं, बच्चो,” असं म्हणत ते आपले दोन्ही हात पुढं करत. उजवा म्हणजे लांबी, डावा म्हणजे रुंदी. हात मोठे होते आणि बोटांच्या पेरांत माती कायमची मुरली होती. ती दिल्लीची की पन्हाळ्याखालच्या गावची, हे त्यांच्या मुलीला, उल्काला, सांगता आलं नसतं.

सुभेदार फौजेत बंदुकीपेक्षा खुरप्यासाठी जास्त ओळखले गेले. पलटण कुठंही हलली की तंबू उभे राहतात न राहतात तोवर कृष्णात वाफे आखायला लागलेला असे. वाळवंटात त्यांनी झेंडू फुलवला आणि बर्फ वितळायची वाट बघत डब्यांत कोथिंबीर उगवली. त्यांच्या आधी पलटणीचा मळा सांभाळणारा एक म्हातारा उस्ताद होता. त्यानं जाताना आपला टेप कृष्णातच्या हातात ठेवला. चामड्याच्या डबीतली कापडी फीत, गुंडाळायला पितळेची मूठ. त्या मळ्याची रीतच तशी होती. ज्याच्या हाती टेप, त्याच्या हाती मळा. आणि ज्याचा हात थांबला, त्यानं कुणी मागायची वाट बघायची नाही, आपण होऊन टेप पुढं द्यायचा.

तो टेप जुन्या काळचा होता. त्यावर फूट होते, इंच होते. मीटर औषधालाही नव्हता.

आई, विजयमालाबाई, गेल्या आणि उल्का वडिलांना गावाहून दिल्लीला घेऊन आली. ती मंत्रालयात नोकरीला, तिचा नवरा गुणवंत दुसऱ्या एका सरकारी खात्यात, आणि मुलगी उत्तरा सातवीत. क्वार्टर जुनं, दोन मजली, समोर कडुलिंब. पहिला हिवाळा सुभेदारांनी बाल्कनीतल्या खुर्चीत काढला. धुरकट, पिवळसर हवेकडं बघत बसायचे. एकदा म्हणाले, “उल्के, ह्या लोकांचं आभाळ कुणी पळवून नेलं?” ती हसली होती. पण ते हसले नव्हते.

मग क्वार्टरच्या मागं, पडक्या स्कूटर शेडच्या जागी, एक रिकामा तुकडा निघाला. कॉलनीच्या बागेचं काम बघणाऱ्या मीनाक्षीबाईंनी तो मुलांना दिला आणि शिकवणारं कुणी आहे का म्हणून विचारलं. त्या रविवारी सुभेदारांनी दाढी केली, बुटांना पॉलिश केलं, ट्रंकेच्या तळातून टेप काढला आणि जिना उतरले. उल्काला त्या दिवशी वाटलं, आबा आज दिल्लीला पोचले.

शिकवणीतला पहिला धडा मापाचा. शाळेत मुलांना फक्त मीटर शिकवलेला. सरकारी नकाशातही वाफे मीटरात, खताच्या पिशवीवरही मीटरच. पण सुभेदारांचा टेप फुटांचा, नर्सरीवाला दोन रोपांतलं अंतर सांगणार तेही फुटात, आणि मुलांच्या घरी जमिनीची गोष्ट निघाली की बाप बोलणार गजात. “तीन भाषांच्या गावात राहायचं आणि एकच भाषा यायची, हे चालत नाही,” असं ते म्हणत.

हरप्रीत नावाचा एक गुबगुबीत सरदार पोरगा होता. तो म्हणायचा, “आबाजी, फोन में है ना सब. टाइप करो, आ जाएगा.”

“और फोन की बैटरी मर गई तो? पौधा बोलेगा, कोई बात नहीं हरप्रीत भैया, चार्ज कर लो, मैं तब तक भूखा बैठता हूँ?”

पोरं खिदळत. मग सुभेदार जमिनीवर चुन्याची फक्की टाकून एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखत. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या दुरुस्तीतून उरलेल्या, फूटभर लांब नि फूटभर रुंद अशा लाल फरश्या त्यांनी गोळा करून ठेवल्या होत्या. एका ओळीत तीन पूर्ण फरश्या बसत आणि पाव फरशीहून थोडी जास्त जागा उरे. तिथं कापलेली पट्टी. “लांबी में कितना हुआ? सव्वातीनच्या थोडं वर. आता इथं थांबणारे पुष्कळ असतात. ते म्हणतात, एक चौरस मीटर म्हणजे सव्वातीन चौरस फूट. अरे, पण बाकीचा चौकोन काय कावळ्यांना दिला?” मग दुसरी ओळ, तिसरी ओळ. नऊ पूर्ण फरश्या. दोन बाजूंना पट्ट्या. आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, बिस्किटाएवढा एक तुकडा. सगळं मिळून पावणेअकरा फरश्या. तो कोपऱ्यातला तुकडा ते चिमटीत धरून सगळ्यांना दाखवत. “ह्याला विसरणारा माणूस म्हातारपणी शेजाऱ्याचा बांध कोरतो.”

दोन हिवाळे हे असं चाललं. कॉलनीत कुणी सुभेदारांना नावानं हाक मारत नसे. लहान-मोठे सगळे आबाजीच म्हणत.

पुढं दसऱ्याच्या सुमारास उल्काला पहिली चाहूल लागली. आबा दुधाच्या बूथवर गेले आणि रिकामी किटली घेऊन परत आले. म्हणाले, बूथ बंद होता. बूथ चालू होता, तिला बाल्कनीतून दिसत होता. मग एकदा जेवताना त्यांनी तिला विजयमाला म्हणून हाक मारली. जीभ चुकली असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. पण त्याच ताटावर त्यांनी पुन्हा हाक मारली, “विजयमाले, भाकरी वाढ की,” आणि ह्या वेळी त्यांच्या डोळ्यांतही विजयमालाच होती. उल्कानं भाकरी वाढली.

गुणवंत म्हणाला, “डॉक्टरकडे नेऊ या. उशीर नको करायला.”

“थंडी संपू दे,” ती म्हणाली.

“थंडीचा काय संबंध, यार?”

संबंध होता, पण तिला तो बोलून दाखवता येईना. डॉक्टर ह्या गोष्टीला एक नाव देणार. नाव एकदा पडलं की ते जिन्यावरून खाली उतरतं, इस्त्रीवाल्यापर्यंत जातं, मीनाक्षीबाईंपर्यंत जातं. मग बाई हात जोडून, गोड शब्दांत सांगणार, की सर, आता तुम्ही आराम करा. रविवार गेला तर आबा पुन्हा बाल्कनीतल्या खुर्चीत जाणार, आणि ह्या वेळी तिथून उठणार नाहीत. हे तिला स्वच्छ दिसत होतं. म्हणून ती थंडीचं नाव पुढं करून दिवस ढकलत राहिली.

जानेवारी सरत आला होता. फेब्रुवारीअखेर कॉलनीत फुलांचा मेळा होणार होता आणि मुलांचा वाफा त्यात पहिल्यांदाच दिसणार होता. पॅन्सी, पिटुनिया, डॉगफ्लॉवर, कडेनं मेथी. रोपं वीतभर झाली होती. त्या रविवारी खत द्यायचं ठरलं. पिशवीवर लिहिलं होतं, दर चौरस मीटरला एक मूठ. सुभेदारांनी टेप ताणला. वाफा अठरा फूट लांब, बारा फूट रुंद. गुणाकार केला, दोनशे सोळा चौरस फूट. आता ह्याचे मीटर करायचे. ते थोडा वेळ आभाळाकडं बघत राहिले आणि म्हणाले, “सहासष्ट. छियासठ मुट्ठी.”

उत्तरानं मान वर केली. तिनं मनातल्या मनात हिशेब केला होता. वीस येत होते. ती म्हणाली, “आजोबा, वीस ना?”

“सहासष्ट,” सुभेदार म्हणाले. आवाज असा ठाम, की कवायतीत दिलेला हुकूमच.

पोरांनी मुठी मोजत खत टाकलं. पिशवी जवळजवळ संपली. हरप्रीतला तेवढी मजाच वाटली.

तीन-चार दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आठवडा भरेपर्यंत वाफा असा दिसायला लागला, की कुणी रात्रीत येऊन निखारे पसरून गेलंय. डॉगफ्लॉवर मान टाकून पडले होते. मेथी काळी पडली होती. एका ओडिया मुलीनं आपलं रोप उपटून घरी नेलं आणि पाण्याच्या ग्लासात ठेवलं. जगेल म्हणून.

शनिवारी संध्याकाळी उत्तरा आईजवळ स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. बराच वेळ ओट्यावरची कोथिंबीर निवडत राहिली आणि मग खाली बघूनच म्हणाली, “मम्मी, मला माहीत होतं.”

“काय?”

“आजोबांनी सव्वातीननं भागलं. एकदाच. लांबीचं केलं आणि रुंदीचं राहिलं. मी एकदा बोलले, मग नाही बोलले.”

“का नाही बोललीस?”

“आजोबा होते ना ते,” उत्तरा म्हणाली. जणू ह्याहून वेगळं कारण असूच शकत नाही.

उल्कानं गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत आबा रेडिओ लावायच्या खटपटीत होते. खरखर येत होती, गाणं लागत नव्हतं. उद्या मीनाक्षीबाई येणार होत्या. सकाळीच त्यांचा निरोप आला होता, की मुलांचे आईवडील विचारताहेत, एकदा बोलू या.

“उद्या विचारलं तर मी सांगू?” उत्तरानं विचारलं.

उल्का नको म्हणाली नाही आणि हो म्हणाली नाही. तिला नंतर पुष्कळदा वाटलं, की त्या गप्प राहण्यातच पोरीनं काय ते ऐकलं.

रविवार उगवला तो धुक्यातच. सूर्य होता, पण घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखा फिका. आबा मफलर न घेताच खाली गेले, म्हणून उल्का मफलर घेऊन मागून उतरली. जळलेल्या वाफ्याभोवती पोरं गोळा झाली होती. मीनाक्षीबाई शाल लपेटून उभ्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. बोलण्याआधी त्यांनी दोनदा घसा साफ केला.

“सर, किसी को डाँटना नहीं है. बस यह समझना है कि हुआ कैसे. मेले में अब ज्यादा दिन नहीं बचे.”

सुभेदार वाफ्याकडं बघत होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं, परक्याच्या शेतात आग लागलेली बघावी तसं. “खाद ज्यादा पड़ी है,” ते म्हणाले. “यह तो साफ है. हिसाब किसने किया था?”

हरप्रीतनं बुटानं माती उकरली.

“मैंने,” उत्तरा म्हणाली. “हिसाब मैंने किया था. आबाजी ने ठीक बताया था, मैंने गलत किया.”

उल्काच्या हातातला मफलर तसाच राहिला. पुढं व्हावं, पोरीचा हात धरावा, सांगावं की हे खोटं आहे, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला हेही दिसलं, की मीनाक्षीबाईंचे खांदे सैल झाले. पोरानं चूक केली, पोरं चुका करतात. म्हणजे आबांचा रविवार वाचला. उल्का जागची हलली नाही.

सुभेदार नातीकडं वळले. रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा दुखावलेला होता.

“उत्तरा, तू? घरातली पोर? अगं, दोन हिवाळे मी काय दगडाला सांगत होतो? जमिनीला किती हात?”

“दोन.”

“मग तू किती धरलेस?”

“एक.”

“एक,” ते म्हणाले आणि सगळ्यांकडं बघून मान हलवली. “घरच्याच गाईनं शेत खाल्लं. बोल लावायचा कुणाला?”

दोन-तीन पोरांनी माना खाली घातल्या. त्यांनाही त्या दिवशीचं आठवत होतं. उत्तरा मात्र आजोबांच्या डोळ्यांत बघत उभी होती. तिचा खालचा ओठ आत ओढलेला होता, बस.

मीनाक्षीबाई म्हणाल्या, “जाने दीजिए सर, बच्ची है.”

“नहीं जी. गलती हुई है तो सुधरनी चाहिए. अभी दिखाता हूँ.” सुभेदारांनी कोपऱ्यातला फक्कीचा डबा उचलला. गुडघे मोडून खाली बसले आणि टेप लावून चौकोन आखला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. मीटरला किती फूट-इंच हे त्यांच्या हाताला पाठ होतं. रेघा अशा सरळ पडल्या, की बाई नकळत म्हणाल्या, “वाह.” मग फरश्या मागवल्या. हरप्रीतनं आणून दिल्या. सुभेदारांनी पहिली ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. तिच्या पुढं पट्टी बसवली. फरश्यांवरून तळवा फिरवला. हात झटकले.

“झालं,” ते म्हणाले. “सव्वातीन. हो गया.”

आणि शाबासकीची वाट बघावी तसे मुलांकडं बघू लागले.

कडुलिंबावर कुठला तरी पक्षी एकदा बोलला आणि थांबला. पांढऱ्या रेघांच्या चौकोनात तळाशी एक लाल ओळ होती आणि वर सगळी माती मोकळी पडली होती. हरप्रीतनं तोंड उघडलं, “आबाजी, ऊपर का तो—” पण उत्तरानं त्याच्या बाहीला असा हिसडा दिला, की त्याचं वाक्य तिथंच मोडलं.

तो हिसडा सुभेदारांनी पाहिला.

मग ते खाली बघू लागले. आधी फरश्यांकडं, मग मोकळ्या मातीकडं. खूप वेळ. त्यांचा उजवा हात चौकोनाच्या लांबीवर होता. डावा हात मांडीवर पडला होता. त्यांनी तो हळूच उचलला, रुंदीच्या रेघेवर ठेवला आणि तसेच बसून राहिले. उल्काला त्यांचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्यावर आधी काहीच नव्हतं, आणि मग सगळंच आलं.

“त्या दिवशी मी किती मुठी सांगितल्या होत्या?” त्यांनी मराठीत विचारलं. बाकीच्यांना कळू नये म्हणून असेल.

“मीच चुकले, आजोबा,” उत्तरा म्हणाली.

“ते नाही विचारलं. किती?”

“सहासष्ट.”

“तू काय म्हणाली होतीस?”

उत्तरा अगदी हळू म्हणाली, “वीस.”

सुभेदारांनी मान डोलावली. पटल्यासारखी. “आणि आज सगळ्यांसमोर मी तुला बोललो.”

“चालतं आजोबा.”

“नाही चालत, बाळा.”

ते उठायला लागले तशी उल्का पुढं झाली. पण त्यांनी हात वर करून तिला तिथंच थांबवलं. ते स्वतःच उठले, जमिनीला रेटा देऊन, एकेक गुडघा सरळ करत. मीनाक्षीबाईंसमोर उभे राहिले आणि पाठ ताठ केली. “मॅडम, हिसाब मेरा था. बच्ची का नहीं. बच्ची का सही था.”

“सर, कोई बात नहीं, किसी से भी गलती—”

“मुझसे नहीं होती थी,” ते म्हणाले.

मग त्यांनी टेप हातात घेतला. बाहेर उरलेली फीत पितळी मूठ फिरवत आत ओढली, सावकाश, मधे चिकटलेली माती बोटानं पुसत. डबी बंद केली. उत्तराचा हात ओढून त्यात ठेवली आणि तिची बोटं वरून मिटली.

“नको,” उत्तरा म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. “आजोबा, मला नको. तुम्ही सांगा, मी फक्त मोजते. मी तुम्हाला आठवण करून देत जाईन ना.”

“आठवण करून द्यावी लागते त्याच्या हातात टेप ठेवत नाहीत,” ते म्हणाले. “वाफा उकरा सगळा. दोन दिवस पाणी सोडून माती धुवा. मेथी अजून येईल. बाकीचं ह्या साली गेलं.”

खाली बघून ते पुन्हा वाकले. चौकोनाच्या कोपऱ्यात बसायचा तो बिस्किटाएवढा तुकडा फक्कीच्या डब्यात तसाच राहिला होता. त्यांनी तो उचलला, फुंकर मारली, कोटाच्या खिशात टाकला आणि निघाले.

वाट पुढं जाऊन फुटत होती. डावीकडं क्वार्टरचा जिना, आणि सरळ गेलं तर फाटक आणि त्यापलीकडं रस्ता. उल्का मफलर हातात घेऊन उभी होती. आता मागून हाक मारायची नाही, एवढं तिला कळत होतं. फाट्यापर्यंत जाऊ दे. डावीकडं वळतील. माणूस रोजच्या जिन्याला कसा विसरेल.

सुभेदार फाट्यापाशी क्षणभर थांबले. मग सरळ गेले.

ते मुद्दाम गेले की वळण निसटलं, हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. पाठ ताठ होती. पाय कवायतीतले पडत होते. एक हात खिशात होता आणि दुसरा मोकळा हलत होता. उत्तरा टेप छातीशी धरून बघत होती, पोरं बघत होती. आणि उल्का बघत होती, पाय उचलावा की न उचलावा ह्या घोरात, तोवर फाटकापाशी धुक्यानं त्यांचे आधी बूट घेतले, मग कोट.